लाकूड न्या, पाला ठेवा

दिवाळीच्या सुट्टीत करजगीस गेलो तेव्हा आमच्या माळावरच्या तुकड्यात जेसीबी यंत्र उभे होते. नीलगिरीचे खुंट उपटण्याचे काम चालू होते. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, बांधावर छत्री टेकून बसले होते. मला पाहताच म्हणाले, "बरं झालं आलास. या झाडांनी आता काही राम ठेवला नाही. हेब्बेवु लावायचं ठरवलंय. ठेकेदार करारपत्र घेऊन येतोय, तू जरा वाचून बघ."

वाचून पाहण्याचे काम मजकडे आले ते मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून. शेतीतले मला फारसे कळते असे घरात कोणीच मानीत नाही, आणि ते खरेही आहे. परंतु त्या करारपत्रातील एका ओळीने माझी झोप उडविली. प्रस्तुत लेख त्या ओळीविषयी आहे. विद्यार्थी मित्रांनी तो वाचावा अशी माझी इच्छा आहे, कारण आपल्या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक मुले शेतकऱ्यांच्या घरची आहेत आणि अशी करारपत्रे आज ना उद्या त्यांच्याही हाती पडणार आहेत.

प्रथम आमच्या तुकड्याची हकीकत सांगितली पाहिजे. करजगी हे अफजलपूर तालुक्यातील गाव. हावेरीकडेही एक करजगी आहे. ती वेगळी, तिच्या मुलखाची गोष्ट पुढे येईल. आमच्याकडे भीमेच्या बाजूस काळी, भारी जमीन. तेथे पूर्वी जोंधळा आणि तूर होती, आता जिथे पाणी पोचले तिथे ऊस आहे. नदीपासून वर चढत गेले की माळ लागतो. माळावर वीत-दीड वीत माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा खडक. अशा चार एकरांत आमच्या वडिलांनी १९९५ साली नीलगिरी लावली. तेथे तूरही धड येत नव्हती, गडी मिळत नव्हते आणि मुले शिकायला बाहेर पडली होती. झाड लावले की सात वर्षे तिकडे पाहावे लागत नाही, हा त्या काळी सर्वांचा समज होता.

वडिलांना हिशेबाची वही ठेवण्याची सवय होती. ती वही अण्णांनी पुढे चालू ठेवली. तिच्यात लिहिले आहे : पहिली तोड २००२, चार ट्रक. दुसरी तोड फुटव्यांची, २००९, पाच ट्रक. तिसरी २०१६, तीन ट्रकांस थोडे कमी. चौथी २०२३, दीड ट्रक. दुसऱ्या तोडीला माल वाढला यात नवल नाही. मुळे तयार असतात, एका खुंटाला दोन-तीन फुटवे राखले की लाकूड जास्त निघते. परंतु त्यानंतरची उतरण पाहा. काही खुंट मेले, एक-दोन वर्षे पावसाने दगा दिला, हे सारे मान्य. तरीही चारवरून दीड ट्रकावर येण्याचे सगळे खापर पावसाच्या डोक्यावर फोडता येत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता कोणी म्हणेल, नीलगिरी पाणी पिते हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, यात नवीन ते काय? हा पाण्याचा वाद आपल्या राज्यात चाळीस वर्षे चालला आहे. १९८३ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने कर्नाटकात सामाजिक वनीकरणाची मोठी योजना सुरू झाली आणि कोलारकडे नाचणीच्या शेतांत नीलगिरीच्या रांगा उभ्या राहिल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुमकूर जिल्ह्यात रयत संघाच्या शेतकऱ्यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेवर मोर्चा नेऊन नीलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी चिंच व आंब्याच्या बिया पेरल्या. पुढे १९८४ मध्ये सरकारी वनविकास महामंडळ आणि हरिहर पॉलिफायबर्स यांनी मिळून कर्नाटक पल्पवुड ही कंपनी काढली, आणि सी व डी वर्गातील सुमारे तीस हजार हेक्टर जमीन तिच्या लागवडीसाठी देण्याचे ठरले. गावाची गुरे ज्या पडीकावर चरत, ज्याच्या काटक्यांवर गावाची चूल पेटे, तीच ही जमीन. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी त्या दुसऱ्या करजगीच्या मुलखात, कुसनूर येथे, 'कित्तिको-हच्चिको' सत्याग्रह झाला. म्हणजे उपटा आणि लावा : नीलगिरी उपटायची आणि गावाच्या उपयोगाची झाडे लावायची. समाज परिवर्तन समुदायाचे एस. आर. हिरेमठ त्यात अग्रभागी होते. या जमिनीसाठी सर्वोच्च न्यायालयात जो अर्ज गेला त्यावर ज्ञानपीठविजेते शिवराम कारंत यांची सही होती. १९९१ मध्ये ती कंपनी गुंडाळली गेली. शेवटी २०१७ साली राज्य शासनाने नीलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदीचा आदेशच काढला.

पाण्याविषयीचा शास्त्रीय तपासही आपल्याच राज्यात झाला. १९८७ नंतर ब्रिटनच्या जलविज्ञान संस्थेने कर्नाटक वनखात्याबरोबर शिवमोग्ग्याकडे आणि बंगळूरजवळ होसकोटे येथे मोजमापे घेतली. त्यांचा निष्कर्ष आंदोलकांना पूर्ण मानवणारा नव्हता आणि कंपन्यांनाही नव्हता. जेथे माती उथळ आहे तेथे नीलगिरी देशी रानापेक्षा जास्त पाणी घेत नाही. जेथे माती खोल आहे तेथे मात्र ती त्या वर्षीच्या पावसापेक्षाही अधिक पाणी वापरू शकते, कारण तिची मुळे खालचा साठा उपसत जातात.

हे सर्व मला ठाऊक होते, वर्गात मी ते सांगितलेही आहे. पण पाण्याच्या या गलबल्यात एक प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलाच नाही. झाड पिते हे आम्ही ऐकले. झाड जेवते काय, याचा विचार केला नाही. आणि पाण्याचे एक बरे असते, पुढच्या मृगात ते पुन्हा येते. नत्र आणि स्फुरद ट्रकात बसून गेले की ते परत येण्यास कोणता पाऊस आहे?

येथे थोडा हिशेब मांडतो. बी.एस्सी.च्या मुलांनी तो फळ्यावर करून पाहावा. नीलगिरीच्या वाळलेल्या पानात नत्राचे प्रमाण साधारणपणे दीड ते दोन टक्के असते. खोडाच्या लाकडात ते पाव टक्क्याहूनही कमी असते, आपण ०.१५ टक्के धरू. म्हणजे दहा टन वाळलेल्या लाकडातून शेताबाहेर जाते १५ किलो नत्र. आणि एक टन वाळलेल्या पानांतून, पावणेदोन टक्के धरले तर, साडेसतरा किलो. एक टन पाला हा दहा टन लाकडापेक्षा अधिक नत्र घेऊन जातो! युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे पावणेएकवीस किलो नत्र असते. तेव्हा एक टन पाला जाळला अथवा उचलून दिला म्हणजे युरियाचे पाऊण पोत्याहून जास्त खत दुसऱ्याला दिले. शिवाय युरियात फक्त नत्र असते. पाल्यात स्फुरद, पालाश, जस्त असे सगळेच थोडेथोडे असते, आणि मातीला भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय अंश असतो, जो कोणत्याच पोत्यात मिळत नाही.

सालीची गोष्ट निराळी. खोडाच्या वजनात सालीचा वाटा दहा-पंधरा टक्क्यांचा, पण तिच्यात कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, लाकडाच्या कित्येक पट असतो. याला कारण आहे. झाड मोठे संसारी असते. जुने पान टाकण्यापूर्वी ते त्यातील नत्र, स्फुरद, पालाश बरेचसे काढून घेते आणि नव्या पालवीस देते. लाकूड जुने होऊन गाभा बनू लागले की तेथूनही उपयोगी द्रव्ये मागे घेते. म्हणून साठ वर्षांच्या सागाच्या गाभ्यात टनामागे अन्नद्रव्ये फार थोडी उरतात. चुना मात्र एकदा सालीत वा पानात बसला की हलत नाही. आता पाहा, सहा-सात वर्षांत तोडलेल्या झाडात गाभा असतोच किती? सारे कोवळे लाकूड, साल आणि पाला. झाड जितके लहान वयात तोडाल तितके प्रत्येक टनामागे माती अधिक विकाल. लवकर पैसा देणारे झाड म्हणून ज्याची जाहिरात होते त्याच्या पोटात ही मेख असते.

आणि आम्ही काय केले? चारही तोडींच्या वेळी लाकूड ट्रकात चढले, साल सोलून बांधाकडेला पडली ती वीटभट्टीवाल्याने फुकट नेली, आणि पाल्याचे ढीग रचून पेटवून दिले. २००२ च्या पहिल्या ढिगाला काडी मी स्वतः लावली होती. त्या वेळी मी नुकताच नोकरीस लागलो होतो, खिशात रसायनशास्त्राची एम.एस्सी. होती. शेत स्वच्छ झाले म्हणून वडिलांनी पाठ थोपटली. जाळल्यावर नत्र हवेत जाते हे मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिले असते. माळावर मला ते सुचले नाही. पुढल्या पावसात ढिगांच्या जागी गवत हिरवेगार आले तेव्हा सगळ्यांना वाटले, जाळण्याने जमीन सुधारते. खरे म्हणजे राखेतला पालाश आणि चुना त्या दहा-पंधरा वर्तुळांत गोळा झाला होता, बाकीचे चार एकर रिकामे राहिले होते, आणि उतारावरची उरली राख वाऱ्याने व वळवाच्या पहिल्या सरीने ओढ्यात नेली होती.

हे माझे एकट्याचे अज्ञान नव्हे, ही तेवढीच समाधानाची बाब. जर्मनीत बव्हेरियाचे शेतकरी गुरांच्या गोठ्यात अंथरण्यासाठी जंगलातील पालापाचोळा पिढ्यान्‌पिढ्या खरवडून नेत. जंगले खुरटत गेली. एबरमायर नावाच्या शास्त्रज्ञाने १८७६ साली या पाचोळ्याची राख करून, मोजून, त्यावर ग्रंथच लिहिला आणि पाचोळ्याबरोबर जंगल काय गमावते ते दाखविले. दीडशे वर्षे होत आली! पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियात वाळूसारख्या जमिनीवर पाइनची लागवड झाली. पहिली पिढी तोडून दुसरी लावली तेव्हा ती बहुतेक ठिकाणी पहिलीपेक्षा मागे पडू लागली. १९६६ मध्ये कीव्हज यांनी ती घट मांडली, सुमारे पाव हिश्शाची. त्या लोकांनी झाड बदलले नाही, बंदीही घातली नाही. तोडीनंतर फांद्या-पाला जाळणे थांबविले, तो जागेवर पसरून ठेवला, तण काढले, लागेल तेथे खत दिले. दुसरी पिढी पहिलीच्या बरोबरीला आली, पुढे गेली. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून अनेक उष्ण देशांत हाच प्रयोग मुद्दाम करून पाहण्यात आला, आपल्या केरळात पीची येथील वन संशोधन संस्थेनेही त्यात भाग घेतला. पाला ठेवण्याचा फायदा सगळीकडे सारखा दिसला नाही. चांगल्या मातीत तो थोडाच होता. परंतु आफ्रिकेत काँगोच्या निकृष्ट वाळवट जमिनीत पाला-फांद्या उचलून नेलेल्या तुकड्यांतील नीलगिरी स्पष्टपणे मागे पडली. म्हणजे जेथे जमीन गरीब, तेथे पाल्याची किंमत जास्त. आणि झाडे आपण लावतो ती कोठे? जेथे दुसरे काही येत नाही तेथेच.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर जमिनी दोन तऱ्हेच्या आहेत, आणि दोहोंना एकच सल्ला देणे बरोबर होणार नाही. कलबुर्गीकडील काळ्या मातीत चुना भरपूर आहे, नांगराला चुनखडीचे खडे लागतात. पालाशही बरा असतो. तेव्हा साल गेली, चुना गेला, म्हणून आम्ही करजगीकरांनी ऊर बडवून घेण्याचे कारण नाही. आमची गरिबी नत्राची, स्फुरदाची आणि सेंद्रिय अंशाची, म्हणून आमच्यासाठी पाला मोलाचा. बिदरच्या पठारावर मात्र लाल जांभा दगडाची जमीन आहे. तिच्यातला चुना युगानुयुगे पावसाने धुऊन नेलेला आहे, आणि घातलेला स्फुरदही तेथील लोह व अॅल्युमिनियम धरून बसतात, पिकाला सहजी देत नाहीत. तेथे पाल्याइतकीच साल जपली पाहिजे. बिदरच्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरी झाडांची लागवड आहे त्यांनी हे घरी सांगावे. साल सोलण्याचे काम शेतातच करून घ्यावे आणि ती तेथेच पसरावी. त्याला मजुरी लागते हे मला ठाऊक आहे.

माझे हे म्हणणे मी अध्यापक-कक्षात मांडले तेव्हा सहकाऱ्यांनी मला चांगलेच धारेवर धरले. त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते.

एक प्राध्यापक म्हणाले, ऊस नीलगिरीपेक्षा कितीतरी पट अन्नद्रव्ये दर वर्षी उचलतो, जोंधळाही दर साली उचलतोच. मग बिचाऱ्या झाडालाच का धारेवर धरता? अगदी बरोबर. वर्षाकाठी हिशेब केला तर झाड पिकांपेक्षा कमीच खाते. पण उसाला आपण पोतीच्या पोती खत घालतो. झाडाला कोणी घालतो काय? झाडाला खत कशाला, ते आपोआप वाढते, ही आपली समजूत. कमी खाणारा पण ताटात कधीच काही न वाढलेला, अशी झाडाखालच्या जमिनीची अवस्था आहे. माझी तक्रार झाडाविरुद्ध नाही, या समजुतीविरुद्ध आहे. आपण ज्याला माळावरचे झाड म्हणतो ते सात वर्षांचे पीक आहे.

दुसरे म्हणाले, झाडाची मुळे खोल जाऊन खालची अन्नद्रव्ये वर आणतात, पाल्यावाटे वरच्या मातीला देतात. हेही खरे आहे. पण त्याला खाली माती पाहिजे. आमच्या माळावर दोन हातांवर खडक लागतो, तेथे खालून आणणार काय? आणि समजा आणले, तरी ते पाल्यावाटेच वर येणार ना? पाला पेटवून दिल्यावर त्या मुळांचे कष्ट धुरातच गेले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अडचणीचा वाटला. नीलगिरीचा पाला तेलकट, चिवट. आपल्या कोरड्या हवेत तो लवकर कुजत नाही, आणि कुजू लागला की सुरुवातीस मातीतलेच नत्र ओढून घेतो. म्हणजे पाला ठेवला आणि पुढल्या वर्षी झाडे तरारली, असे होणार नाही. मी ते मान्य करतो. दोन-तीन पावसाळे थांबावे लागेल, आणि तोवर वणव्याची धास्ती राहील. म्हणून ओळींमधून तूर घ्यावी, बांधाला गिरिपुष्प लावावे, त्याचा पाला छाटून त्यात मिसळावा, असे मला वाटते. तुरीच्या पाल्याचे महत्त्व आपल्या शेतकऱ्याला प्राध्यापकाने सांगायला नको. तुरीचा पाला पडलेल्या रानात पुढल्या साली जोंधळा कसा येतो हे तो मला सांगेल. उसाचे पाचट जाळू नये हेही आता पुष्कळांना पटले आहे. तोच शेतकरी माळावर गेला की पाल्याला कचरा म्हणतो. मी तरी वेगळे काय केले होते?

परंतु या सर्वांहून कठीण प्रश्न मला अध्यापक-कक्षात कोणी विचारला नाही. तो आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी विचारला. त्यांना जमीन नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे खराटा आणि पोते घेऊन त्या नीलगिरीच्या रांगांतून पाला गोळा करीत. गॅसची शेगडी त्यांच्या घरी आली आहे, पण सिलिंडर महाग पडतो म्हणून तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. अंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून चुलीवर. पाला रानातच ठेवायचा असे मी अण्णांशी बोलत होतो ते त्यांनी ऐकले. म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या मातीला पाला पाहिजे हे खरं. मग माझ्या चुलीला काय पाहिजे?"

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन विचार केला. पुस्तकात लिहिले असते की पाचोळा गोळा करण्यास मनाई करावी. मनाई करणे सोपे असते, कारण मनाई करणाऱ्याच्या घरी गॅस असतो. तरीही हिशेबाकडे पाहिले तर एक वाट दिसते. अंगठ्याहून जाड फांदीत अन्नद्रव्ये थोडी आणि जळण चांगले. पाल्यात अन्नद्रव्ये पुष्कळ आणि जळण भुरकन् उडून जाणारे. तेव्हा जाड फांद्या मावशींसारख्या बायांना द्याव्यात, मोळ्या बांधून, हक्काने, आणि पाला रानात राहू द्यावा. आजवर उलटेच होत आले : जाड फांद्या ठेकेदार वजनावर नेतो आणि बायांच्या वाट्याला पाला येतो. म्हणजे शेतकऱ्याचेही नुकसान आणि त्या बायांचेही. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, फांद्यांचे पैसे कोण सोडणार? मी म्हटले, आपण. ते काही बोलले नाहीत.

आता त्या करारपत्राकडे येतो. हेब्बेवु हे आपल्याच देशातील झाड, कडुनिंबाच्या कुळातले, सरळ आणि भराभर वाढणारे. त्याचे लाकूड प्लायवुडला जाते आणि सहा ते आठ वर्षांत तोडीस येते. झाड वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. नीलगिरीपेक्षा त्याचा पाला लवकर कुजतो, ही तर जमेची बाजू आहे. पण जो वेगाने वाढतो तो वेगाने जेवतो, आणि नीलगिरीने रिकाम्या केलेल्या ताटावर आपण त्याला बसवीत आहोत. पूर्वी सुबाभळीचे असेच वारे आले होते. त्यानंतर सागाचे आले, एक झाड लावा आणि वीस वर्षांत लक्षाधीश व्हा म्हणून. त्या कंपन्यांत कित्येकांचे पैसे बुडाले. नीलगिरीवर बंदी आली म्हणजे प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांना मला हेच विचारायचे आहे, की झाडाचे नाव बदलले, तोडीची रीत बदलली काय?

करारपत्र कन्नडमध्ये होते आणि एकंदरीत सरळ होते. रोपे कोण देणार, भाव कसा ठरणार, वजन कोठे होणार, सगळे लिहिले होते. शेवटून तिसऱ्या कलमात म्हटले होते की तोडीनंतर खोड, फांद्या, साल व इतर सर्व उत्पन्न खरेदीदार उचलून नेईल आणि जमीन स्वच्छ करून देईल. ठेकेदाराने हे कलम मोठ्या अभिमानाने वाचून दाखविले. "होल पूर्ति क्लीन माडि कोडतीवरी." सगळे रान साफ करून देतो! अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. ट्रॅक्टर लगेच घालता येईल, वेगळी मजुरी पडणार नाही. दर टनामागे ठरणाऱ्या भावात हे 'इतर सर्व उत्पन्न' फुकट होते. फांद्या-साली-पाला कारखान्याच्या बॉयलरला जातो आणि त्यालाही भाव आहे, हे मी विचारल्यावर ठेकेदाराने नाकारले नाही.

मी अण्णांना म्हटले, हे कलम बदलून घ्या. खोड त्याचे. फांद्यांचा हिशेब वेगळा. पाला आणि साल आपल्या रानात राहील, आणि तो पेटविणार नाही. शिवाय सहाव्या वर्षी तोडायची सक्ती नको. पाऊसमान बरे असेल आणि झाड वाढत असेल तर दोन वर्षे थांबण्याची मुभा आपल्याकडे असावी. अण्णा म्हणाले, "तू पगारी माणूस आहेस, तुला थांबायला काय होतं?" हे वाक्य मला लागले, पण ते खोटे नव्हते. ज्याच्या पहाणीत चार एकर माळ आहे आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, त्याला सातव्या आणि नवव्या वर्षातला फरक फार मोठा असतो. म्हणून थांबण्याचा आग्रह मी सोडला. पाल्याचा सोडला नाही.

जाता जाता आपल्या दारातले सांगतो. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात कडुनिंब, करंज, गुलमोहर मिळून बरीच झाडे आहेत. दर माघ-फाल्गुनात त्यांचा पाला झाडून इमारतीमागे पेटवितात. दर पावसाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेची मुले त्याच आवारात नवी रोपे लावतात आणि त्यातील बरीचशी मरतात, त्याबद्दल आपण उन्हाला दोष देतो. यंदा मी प्राचार्यांची परवानगी काढली आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद असा एक खड्डा खणायचा आणि वर्षभराचा पाला त्यात टाकायचा. टाकण्यापूर्वी प्रत्येक पोते वजन करून वहीत लिहायचे. द्वितीय वर्षाच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यातील नत्राचे प्रमाण प्रयोगशाळेत काढायचे. त्यासाठी लागणारी उपकरणे आपल्याकडे आहेत आणि वर्षातून एकदाच कपाटातून बाहेर निघतात. कन्नड विभागातील मित्रांनीही यावे. खराटे आठ आहेत.

गेल्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. ठेकेदार कलम बदलण्यास तयार झाला आहे, पण टनामागे भाव थोडा कमी करून. किती कमी तेही अण्णांनी सांगितले, आणि म्हणाले, "एकरी पाला किती टन पडेल आणि त्याची युरियाची पोती किती होतील ते तूच काढून सांग. मग बघू सही कुठल्या कागदावर करायची ती." मी गेल्या रविवारी करजगीस जाऊन शेजारच्या रानातील हेब्बेवुची तीन झाडे मालकाच्या परवानगीने छाटून पाला गोणीत भरून आणला आहे. तो आता प्रयोगशाळेच्या गच्चीवर वाळत पडला आहे.